गावाची खोली कुणाच्या नावावर? गिरणगावातल्या एका चाळीचं प्रकरण

हे प्रकरण लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका चाळीतलं आहे. चाळीचं, गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे थोडे तपशीलही बदललेत. मी त्याच चाळीत वाढलो आणि रिडेव्हलपमेंटच्या काळात कमिटीच्या कागदपत्रांचं काम बघत होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे अशा खोल्या अजून कितीतरी चाळींत आहेत आणि त्यांच्यापुढे हाच प्रश्न येतोय.

पार्श्वभूमी

गावाची खोली म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून थोडं मागे जाऊया. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढली, दोनेक वर्षांत ती चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, नायगाव, शिवडी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. माणसं आली रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून. येणारे बहुतेक एकटे पुरुष, बायकापोरं गावी, कारण शेत कुणीतरी बघायला हवं आणि मुंबईच्या पगारात इथे संसार मांडणं परवडायचं नाही. एकट्याला खोलीचं भाडं झेपेना, मग गावानं मिळून खोली घ्यायची असं ठरत गेलं. गावातला कुणी जॉबर (गिरणीतला मुकादम) झालेला असला तर त्याची मालकाशी ओळख असायची, गिरणीत माणसं लावायची ताकद त्याच्याकडेच असायची, त्यामुळे पावती त्याच्या नावानं फाडली जायची आणि भाडं सगळे मिळून भरायचे.

आमच्या चाळीतली ही खोली दहा बाय बाराची. तिच्यात एका वेळी तीसेक माणसं राहायची हे ऐकून लोकांना खोटं वाटतं, पण पाळ्यांचा हिशोब लक्षात घेतला की पटतं. पहिल्या पाळीचा माणूस बाहेर पडला की रातपाळीवाला त्याच जागेवर वळकटी पसरायचा. उरलेले गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, उन्हाळ्यात तर फुटपाथवर. खोलीत प्रत्येकाची हक्काची वस्तू एकच, पत्र्याची ट्रंक, आणि त्या ट्रंका भिंतीला लागून एकावर एक रचलेल्या. कोपऱ्यात ग्रामदैवताचा फोटो. जेवण खानावळीत, म्हणजे शेजारच्या चाळीतल्या एखाद्या काकीकडे महिन्याच्या बोलीवर. या खानावळवाल्या बायकांनी गिरणगाव पोसलं असं मी म्हणतो आणि ते अजिबात वाढवून सांगत नाहीये, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी.

खोली चालवायला त्यात राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ होतं आणि त्याचे कायदेकानू होते. दर महिन्याला बैठक, बैठकीत वर्गणी, उशीर झाला तर दंड, दारू पिऊन आलं तर दंड, कुणी आजारी पडलं तर त्याचं बघायचं कुणी ते ठरलेलं, कुणी गेलं तर गावी पोचवायचा खर्च मंडळाचा. हे सगळं एका वहीत लिहिलेलं. गोव्याच्या लोकांनी धोबी तलाव, माझगाव भागात गावागावांचे कूड, म्हणजे त्यांच्या गावाच्या खोल्या, चालवले, जेर महालात ते अजून आहेत, तिथे वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना आणि आमच्याकडे भजन आणि गाऱ्हाणं, पण मुळात गोष्ट एकच. गाव उचलून शहरात आणायचं आणि अनोळखी ठिकाणी माणसाला एकटं पडू द्यायचं नाही. गिरणगावाचा स्वभाव बघायचा तर या खोल्यांत बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. इथली भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती, नाटकं, युनियनच्या सभा, सगळ्याला माणूसबळ इथून गेलं. १९२८चा संप सहा महिने चालला आणि १९८२चा तर अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तेवढा काळ माणसं तगली ती गावाकडे परतायची वाट उघडी होती म्हणून, आणि ती वाट या खोलीतून जायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या हे सगळ्यांना माहितीये. खोली रिकामी होईल असं वाटलं होतं पण झाली नाही. तिचा उपयोग बदलला. आता तिथे राहतात ते कुरिअरवाले, सिक्युरिटीवाले, पोलीस भरतीला आलेली पोरं, परीक्षा द्यायला आलेली पोरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केईएम, वाडिया नाहीतर टाटामध्ये पेशंट घेऊन आलेले गावकरी. केईएम १९२६ पासून आणि टाटा १९४१ पासून परळलाच आहे, त्यामुळे चालत जायच्या अंतरावर हक्काची जागा असणं याची किंमत ज्याच्या घरात असा आजार आलाय त्यालाच कळते.

अडचण कशी उभी राहिली

चाळ १९४० च्या आधीची, म्हणजे सेसवाली (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), त्यातही 'अ' वर्गातली. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना की करायची नव्हती ते तोच जाणे, १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं आणि लोखंडी टेकू लावत लावत इमारत कशीबशी उभी राहिली. शेवटी मालकानं एक बिल्डर आणला, विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली रिडेव्हलपमेंट, प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटची जागा मालकीनं. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, ती गोळा करायला सुरुवात झाली.

संमतीपत्रावर सही कुणाची घ्यायची, तर ज्याच्या नावानं भाडेपावती आहे त्याची. आमच्या खोलीची पावती ज्या जॉबरच्या नावानं होती तो वारून चाळीसेक वर्षं झालेली. मालकाच्या गुमास्त्यानं नाव बदललं नाही, मंडळानं मागितलं नाही, कारण मागितलं की ट्रान्सफरचे पैसे द्यावे लागतात आणि तशीही पावती येतच होती. त्यात विजेचं मीटर दुसऱ्याच एका गावकऱ्याच्या नावानं, मतदार यादीत त्या एका पत्त्यावर दहाबारा आडनावं, आणि मंडळाची कुठेही नोंदणी नाही. कागदावर बघितलं तर गाव त्या खोलीत राहतच नव्हतं.

मग जॉबरचा नातू आला. हा डोंबिवलीला राहतो, बँकेत नोकरी, गावाशी संबंध जत्रेपुरता. त्यानं कमिटीला सरळ पत्र दिलं की आजोबांचा वारस मी, माझे वडीलही गिरणीत होते आणि याच खोलीत राहायचे, तर पात्र भाडेकरू म्हणून माझं नाव लावा. कायद्यानं त्याचं म्हणणं कमजोर नव्हतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला की मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो, तसा कुणी नसेल तर वारस. त्या कलमात गाव हा शब्द कुठेच नाही.

खोलीत भयंकर संताप. मंडळाचे आबा, वय सत्तरीच्या पुढे, स्पिनिंगला आयुष्य गेलेलं, ते कमिटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून एवढंच म्हणाले, "पावती त्येच्या आज्याच्या नावानं, पण भाडं समद्या गावानं भरलंय. गाव हाय ते हितं." आणि बिल्डरच्या माणसाचं म्हणणं, तुमचं आपसात काय ते मिटवा, मला एक नाव द्या, नाहीतर खोली वादग्रस्त म्हणून टाकतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नातवाला खोली देऊन त्याच्याकडून गावासाठी पैसे घ्यायचे, गावातली शाळा नाहीतर देऊळ बांधायला. याला गावात बऱ्यापैकी पाठिंबा होता हे आम्हाला उशिरा कळलं, कारण गावात राहणाऱ्यांना देवळाचा कळस रोज दिसतो आणि मुंबईतली खोली फक्त अडचणीच्या वेळी आठवते.

दुसरा पर्याय कोर्टाचा. लघुवाद न्यायालयात जाऊन मंडळ हेच खरं भाडेकरू असं जाहीर करून घ्यायचं. इथे वकिलांनी एक धोका दाखवला जो आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलेला नव्हता. समजा गावानं असं मांडलं की मूळ भाडेकरू वेगळा होता, आम्ही त्याच्यामार्फत राहत होतो आणि त्याला पैसे देत होतो, तर मालक उलटून म्हणणार की ही पोटभाडेकरू ठेवल्याची कबुली झाली, आणि परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे तर खोली खाली करून घ्यायचं कारण आहे. म्हणजे हक्क सांगायला जावं आणि मुळातली खोलीच जावी. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीच्या करारावर, राहत होते त्यांना जुन्या कायद्यानं भाडेकरूचा दर्जा दिला होता, तो रस्ताही बघून झाला, पण तसा करार दाखवायला हवा आणि गावात कुणी कुणाशी करार केला नव्हता, सगळं शब्दावर. वर कोर्टात वर्षं जाणार, तेवढ्यात बाकीचे भाडेकरू बोंब मारणार की एका खोलीपायी आमची इमारत अडली.

तिसरा म्हणजे मंडळाची नोंदणी करून भाडेकरारी मंडळाच्या नावावर करून घ्यायची. ऐकायला सरळ, पण त्याला नातवाची नाहरकत हवी, मालकाची तयारी हवी, आणि एक तारखेची भानगड होती. ३३(७) मध्ये १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली नवी भाडेकरारी धरत नाहीत. जुनीच भाडेकरारी आहे आणि फक्त नाव बदलतंय, नवा भाडेकरू घुसवलेला नाही, हे पटवायला खूप आधीपासूनचे पुरावे लागणार होते.

चौथा, नातवाचं नाव लागू द्यायचं आणि त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं की जागा गाव वापरेल. हा सगळ्यात सोपा, आणि मला सगळ्यात धोक्याचा वाटला, कारण नातू उद्या नीट वागेलही पण त्याच्या पोरांनी ते का पाळावं. परळमधला मालकीचा फ्लॅट म्हणजे आज कोटींचा विषय आहे, तो मोह कागदाच्या एका पानावर थांबत नाही.

आणखी एक पर्याय बिल्डरनं हळूच सुचवला होता, पैसे घ्या आणि कल्याण-विरारकडे मोठी जागा घ्या. तरुण पोरांना ते पटत होतं, त्यांच्या नोकऱ्या सगळीकडे विखुरल्यात. पण केमोथेरपीनंतर ओकाऱ्या काढणाऱ्या माणसाला गर्दीच्या लोकलनं विरारला न्यायचं कसं, हे आबांनी विचारलं आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

निर्णायक ठरली ती वही

मंडळाकडे पन्नासच्या दशकापासूनच्या वह्या होत्या, काही वाळवीनं खाल्लेल्या, पण बऱ्याच शाबूत. महिन्यावार नावं, वर्गणी, मालकाला दिलेलं भाडं, दिवाबत्ती, ट्रंकेमागे आकारणी, दंड. तीन-चार पोरांनी बसून सगळी पानं मोबाईलवर काढली आणि तारखेप्रमाणे लावली. हेतू असा की भाडं गावानं भरलंय याचा पुरावा उभा करायचा आणि नातवाला गप्प करायचं.

पण वह्या वाचताना १९८२ च्या पानांवर सगळे थांबले. संप सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने वर्गणी कमीजास्त येत राहिली, पुढे नावांसमोर नुसत्या रेघा. माणसं गावी गेलेली, जे राहिले त्यांच्याकडे पैसा नाही. आणि त्या महिन्यांत भाड्याच्या रकान्यासमोर नातवाच्या वडिलांचं नाव लिहिलेलं, त्यांनी भरले असं. हे वर्षाहून जास्त काळ चाललं होतं. त्यांचीही गिरणी बंदच होती, ते मंडईत हमाली करायचे हे आबांना आठवलं. म्हणजे गावाची खोली टिकली ती त्या माणसानं संपात भाडं भरलं म्हणून, आणि पुढे वर्गणी सुरू झाली तेव्हा ते पैसे त्यांना परत दिल्याची नोंद कुठेच नव्हती.

इथे पहिला मोठा निर्णय होता. पोरांमधला एक म्हणाला ती पानं दाखवूच नका. आबांनी ऐकलं नाही. जत्रेला सगळे मुंबईकर गावी जमतात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसवली, नातवाला मुद्दाम बोलावलं आणि ती पानं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मी तिथे होतो. नातवाला स्वतःलाच हे माहीत नव्हतं, वडील घरी कधी बोलले नव्हते. त्याच्या डोक्यात इतकंच की आजोबांची खोली गावानं दाबली, आणि गावाच्या डोक्यात की हा बँकेतला माणूस गावाचं लुबाडायला आलाय. त्या वाचनानंतर दोन्ही बाजूंचा आवाज खाली आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात यापेक्षा शहाणपणाचं काम दुसरं झालं नाही.

प्रत्यक्षात काय केलं

बैठकीत असं ठरलं की खोली तिघांच्या नावावर करायची, नातू आणि मंडळाचे दोघे विश्वस्त. नातवाचं नाव पहिलं. संपातल्या भाड्याची परतफेड म्हणून बिल्डरकडून येणाऱ्या कॉर्पसमधला (एकरकमी निधीतला) मोठा वाटा त्याच्या आईला द्यायचा. आणि लेखी करार करायचा की जागा गावाच्या वापराची आहे, कुणाला आपला हिस्सा सोडायचा झाला तर तो मंडळाकडेच जाईल, बाहेर विकता येणार नाही. हा करार रजिस्टर केला, नुसता नोटरी करून ठेवला नाही, यावर वकील अडून बसले होते आणि ते बरोबर होतं.

मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी सुरू केली. एकदम मंडळाच्याच नावावर का केलं नाही असं पुष्कळांनी विचारलं. मालक तयार नव्हता. संस्थेला भाडेकरू करायला त्याचा विरोध होता, त्याला वाटत होतं संस्था कधी मरत नाही आणि तिच्याशी बोलायचं कुणाशी. माणसांच्या नावांवर तो ट्रान्सफरचे पैसे घेऊन राजी झाला. तिथे अजून ताणून धरावं का यावर आमच्यात दोन रात्री वाद झाले आणि शेवटी पात्र भाडेकरूंच्या यादीची मुदत समोर दिसत होती म्हणून तिघांच्या नावावर समाधान मानलं.

दुरुस्ती मंडळाच्या पहिल्या यादीत खोलीसमोर वादग्रस्त असा शेरा आलाच. हरकत घेतली, सुनावणीला वह्या, जुन्या पावत्यांची चवड, मतदार याद्यांचे उतारे, करार आणि नातवाची स्वतःची सही असलेला जबाब दिला. अधिकाऱ्यानं वही बराच वेळ चाळली. अंतिम यादीत तिन्ही नावं लागली. वाद नाही म्हटल्यावर काम इतकं सरळ होतं हे बघून आम्हीच चकित झालो.

चाळ खाली करताना ट्रंकांचा प्रश्न आला. बऱ्याच ट्रंकांना वारस सापडेना. मंडळानं गावात दवंडी दिल्यासारखं व्हॉट्सअप ग्रुपवर नावं टाकली आणि घरचे येतील तशा उघडायच्या असं ठरवलं, कुणाचीही ट्रंक परक्यानं उघडायची नाही. त्यांच्यात गिरणीचे पास, ईएसआयची (कामगार विम्याची) कार्डं, फंडाच्या स्लिपा निघाल्या. संप सुरू झाला तेव्हा गिरणीच्या पटावर होतो याचा पुरावा नाही म्हणून गिरणी कामगारांसाठीच्या सरकारी घरांच्या यादीत अडकून पडलेल्या काही घरांना त्या कागदांचा उपयोग झाला. हे आधी कुणी योजलेलं नव्हतं, पण प्रत्येक गावाच्या खोलीनं खाली करायच्या आधी हे करायलाच पाहिजे.

पुढे काय झालं

बांधकाम चालू असताना दर महिन्याला भाड्याचे पैसे मिळायचे, ते कुटुंबांना ठीक आहेत, पण पाचसात एकट्या पुरुषांना परळमध्ये जागा कोण देणार. कुणीच देईना. शेवटी ठाण्यापलीकडे दिवा स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. पेशंटवाल्यांची सोय तुटली ती तुटलीच, काहींची दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली, काही हॉस्पिटलच्या बाहेर झोपले. मंडळाची महिन्याची बैठक पण त्या काळात विस्कळीत झाली, आणि दोन-तीन वर्षं बैठक झाली नाही की नव्या पोरांना मंडळ म्हणजे काय तेच कळत नाही. बिल्डरच्या कागदांत या नुकसानीला रकाना नव्हता.

इमारत झाली, वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, दोन बाजूंनी उजेड, स्वतःचा संडास. आबांनी तो बघितला हे मला फार मोलाचं वाटतं. आणि ताबा मिळाल्यावर महिन्याभरातच नवी सोसायटी आणि मंडळ समोरासमोर आले. सोसायटीचं म्हणणं, इथे कुटुंबं राहतात, रोज नवीन माणूस लिफ्टमधून वर जाणार, बॅचलर चालणार नाहीत, फ्लॅट राहण्यासाठी आहे लॉज चालवायला नाही. असं म्हणणाऱ्यांत ज्यांचे आजोबा स्वतः गावाच्या खोलीत राहून संसाराला लागले असे लोकही होते, ते बघून मला वाईट वाटलं, पण त्यांची बाजू अगदीच चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. चाळीत गॅलरी होती, येणाजाणाऱ्या प्रत्येकावर सगळ्यांची नजर असायची, हा कुणाकडे आलाय हे समोरच्या काकीला माहीत असायचं. बंद दारांच्या इमारतीत ती ओळख राहत नाही आणि माणसं घाबरतात.

पुष्कळ ओढाताणीनंतर सध्या असं चाललंय की कायम राहणारे चारच, त्यांची नावं आणि आधार कार्डं सेक्रेटरीकडे, पेशंटसोबत आलेल्यांना हॉस्पिटलचा केसपेपर दाखवून ठराविक दिवस राहता येतं. भजन फ्लॅटमध्ये बंद, आवाजाची तक्रार. बैठक रविवारी सकाळी, तीही कमी माणसांत. परीक्षेला येणाऱ्या पोरांची सोय पूर्वीसारखी होत नाही.

शेजारच्या चाळीतल्या खानावळवाल्या काकींबद्दलही सांगायला हवं. त्यांचीही चाळ त्याच योजनेत होती. त्यांना राहण्याची खोली म्हणून फ्लॅट मिळाला, पण चाळीस वर्षं तिथे खानावळ चालली याची कागदावर काहीच नोंद नसल्यामुळे धंद्याची जागा म्हणून काही मिळालं नाही. दहाव्या मजल्यावर कुणी ताट घ्यायला येत नाही, खानावळ बंद झाली.

काय वेगळं करता आलं असतं

मंडळाची नोंदणी तीस वर्षं आधी व्हायला हवी होती हे तर उघड आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं गणित. संमतीपत्रं गोळा होत होती तेव्हा बिल्डरला एकेक सही हवी होती, त्या दिवसांत चाळीचं वजन सगळ्यात जास्त होतं. आम्ही सगळी ताकद नाव कुणाचं लागणार यावर घालवली, आणि वापर कसा होणार हे करारात घालायचं राहून गेलं. त्याच वेळी मालक, बिल्डर आणि भाडेकरू यांच्या करारात एक कलम टाकून घेतलं असतं की अमुक जागा ग्रामस्थ मंडळाच्या सामूहिक निवासासाठी आहे आणि पुढे होणाऱ्या सोसायटीला ते मान्य असेल, तर आज सेक्रेटरीपुढे केसपेपर दाखवायची वेळ आली नसती. सह्या झाल्यावर, चाळ पडल्यावर असं कलम कुणी देत नाही.

दुसरं, आमच्या चाळीत गावांच्या खोल्या एकूण तीन होत्या. तिघांनी वेगवेगळं लढलं. एकानं पैसे घेतले आणि ती खोली संपली, एकाचं अजून कोर्टात आहे. तिघांनी मिळून शेजारीशेजारी आणि खालच्या मजल्यावर जागा मागितल्या असत्या, वेगळा जिना नाहीतर वेगळं दार, तर कुटुंबांची तक्रार निम्मी झाली असती आणि बैठकीला, भजनाला जागा उरली असती. गावं वेगळी, तालुके वेगळे, एकमेकांचा जुना मान-अपमान, म्हणून ते जमलं नाही. गिरणीच्या गेटवर हीच माणसं एका झेंड्याखाली उभी राहिली होती, इथे पण जमायला हवं होतं.

तिसरं, संक्रमण काळासाठी पैशाऐवजी परळमध्येच एक खोली मागायला हवी होती, निदान पेशंटवाल्यांसाठी. मिळाली असती की नाही सांगता येत नाही, पण आम्ही मागितलीच नाही.

आणि कोर्टात न जाण्याचा निर्णय? तो मला आजही बरोबर वाटतो. काही गावकऱ्यांना वाटतं की तत्त्वासाठी लढायला हवं होतं, गाव हा भाडेकरू असू शकतो असा निकाल मिळवायला हवा होता. त्यांचं दुःख मला समजतं. पण नातू शत्रू नव्हता, त्याला शत्रू केला असता तर वहीतली ती पानं वकिलांच्या हातातली हत्यारं झाली असती आणि खोली, गाव, घर तिन्ही तुटलं असतं.

सध्याची स्थिती

मंडळाची नोंदणी पूर्ण झालीये. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो, ते काम नातवानंच अंगावर घेतलंय, बँकेतला माणूस असल्यामुळे कागदाला चोख आहे. तिघांच्या नावावरचा फ्लॅट मंडळाच्या नावावर करायचा प्रस्ताव आहे, स्टॅम्प ड्युटीचा खर्च कसा उभा करायचा यावर गावात चर्चा चालू आहे. सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत पेशंटच्या नातेवाईकांचे दिवस वाढवून द्यावेत असा ठराव मांडायचं ठरलंय, पाठिंब्याला सात-आठ कुटुंबं तयार आहेत. मागच्या गल्लीतल्या चाळीत आता संमतीपत्रं फिरायला लागलीत, तिथे गावांच्या पाच खोल्या आहेत. आमच्या वहीचे फोटो आणि कराराचा मसुदा त्यांना दिलाय, आणि पाचही मंडळांनी एकत्र बसून तळमजल्याची मागणी लेखी दिल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलंय.